गार्ड लावल्यावर पुढचे पार्किंग सेन्सर बोंबलतात, हलवायचे का?

रामबागेतल्या एका दादांचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गाडी कॉम्पॅक्ट एसयूव्ही, पुढे कंपनी फिटेड चार सेन्सर. दादांनी पुढे स्टीलच्या नळ्यांचा गार्ड बसवून घेतला, दोन उभ्या नळ्या आणि दोन आडव्या, आणि त्या दिवसापासून गाडी चालू करून डी मध्ये टाकली की समोर काही नसताना मधले दोन सेन्सर सतत बीप करतात. कोपऱ्यातले दोन ठीक आहेत. आता गार्डवाला म्हणतोय की बंपरमधून सेन्सर काढून गार्डच्या नळीत भोक पाडून बसवून देतो, दोन तासांचं काम. करावं का?

माझं उत्तर: आत्ताच करू नका. आधी बघा सेन्सरला नेमकं काय दिसतंय, मग गार्ड हलवता येतोय का ते बघा, आणि ते दोन्ही जमत नसेल तरच सेन्सर हलवा. इंदुरातले निम्मे अ‍ॅक्सेसरीवाले उलट क्रमाने काम करतात, कारण भोक पाडणं सोपं आणि ब्रॅकेट परत वेल्ड करणं कटकटीचं.

सेन्सर काय करतो ते समजलं की पुढचं सगळं आपोआप समजेल. त्या छोट्या गोल बटणासारख्या दिसणाऱ्या तोंडामागे अ‍ॅल्युमिनियमची एक वाटी असते आणि तिच्या तळाला आतून पिझोची, म्हणजे वीज दिली की थरथरणारी, चकती चिकटवलेली असते. ती चकती सेकंदाला चाळीस ते पन्नास हजार वेळा थरथरून आवाज सोडते, आपल्या कानाला न ऐकू येणारा, मग थांबते आणि तीच चकती परत येणारा प्रतिध्वनी ऐकते. आवाजाचा वेग साधारण सेकंदाला ३४३ मीटर धरा, म्हणजे ३० सेंटिमीटरवरची वस्तू असेल तर जाऊन येऊन पावणेदोन मिलिसेकंद लागतात. एवढंच गणित आहे. सेन्सरला गार्ड काय, भिंत काय, गाय काय, काही कळत नाही, कोणत्या वेळेला आवाज परत आला तेवढंच त्याला कळतं, आणि बहुतेक गाड्यांत ३० सेंटिमीटरच्या आत आलं की सलग बीप.

आता इथे एक गंमत आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. आवाज सोडून झाल्यावर चकती लगेच थांबत नाही, थोडा वेळ घुमत राहते, आणि ती घुमत असताना काही ऐकू शकत नाही. त्यामुळे अगदी जवळचं, म्हणजे दहा-पंधरा सेंटिमीटरच्या आतलं तिला नीट मोजता येत नाही. गार्डची नळी जर त्या आंधळ्या पट्ट्यात आली तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर सतत बीप, जे दादांचं होतंय. किंवा सगळं शांत, पण सेन्सर नळीमागे अर्धा झाकला गेलाय आणि समोरचा खांब त्याला दिसतच नाहीये. ही दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण माणूस समजतो की गार्ड लावला तरी सेन्सर चालू आहेत, काही त्रास नाही, आणि राजवाड्याच्या पार्किंगमधे दुसऱ्याच्या बुलेटला जाऊन टेकतो. न वाजणारा सेन्सर बरोबर आहे असं समजू नका, तो तपासायचा कसा ते शेवटी सांगतो.

बरं, नळी किती दूर असली म्हणजे चालते? सेन्सरचा आवाज सरळ रेषेत जात नाही, पसरतो, आणि सगळीकडे सारखा पसरत नाही. आडवा जास्त पसरतो, उभा कमी, कारण गाडीपुढे डावी-उजवीकडचं सगळं दिसायला हवं पण रस्ता दिसायला नको. बऱ्याच सेन्सरमधे आडवा पसारा १०० ते १२० अंश असतो आणि उभा ५० ते ६०. हे आकडे धरून हिशोब करा. नळी सेन्सरच्या तोंडापासून १० सेंटिमीटर पुढे आहे. आडवी नळी असेल तर ती सेन्सरच्या मध्यापासून साधारण ६ सेंटिमीटर वर किंवा खाली असली की पसाऱ्याच्या बाहेर पडते. पण उभी नळी असेल तर ती बाजूला १७ सेंटिमीटर तरी लांब पाहिजे. या कमीत कमी मापावर अजून थोडी मोकळी जागा सोडा, कारण पसारा काही सुरीने कापल्यासारखा संपत नाही. म्हणून बघा, दादांच्या गाडीत दोन उभ्या नळ्या आहेत आणि मधलेच दोन सेन्सर बोंबलतायत, मला तर न बघताच तिथे शंका आहे. आडव्या नळीला लोक घाबरतात, खरा त्रास उभी देते.

आणि नळी गोल असते हाही एक भाग. सपाट पट्टी थोडी तिरकी असली तर आवाज तिच्यावर आपटून भलतीकडे निघून जातो. गोल नळीचा मात्र कुठला ना कुठला भाग सेन्सरकडे तोंड करून असतोच, त्यामुळे थोडा आवाज नक्की परत येतो.

आता तपासणी. गार्डचे बोल्ट काढा, गार्ड पूर्ण बाजूला ठेवा आणि गाडी मोकळ्या जागेत उभी करून बघा. बीप बंद झाला तर दोष नळीचा. चालूच राहिला तर गार्ड बसवताना बंपर काढला होता का ते विचारा, कारण बंपर काढताना हार्नेसचा, म्हणजे वायरींच्या जुडग्याचा, कपलर (प्लगसारखा जोड) निसटतो, वायर ब्रॅकेटखाली चेपते, सेन्सरची क्लिप तुटून तो आत सरकतो, आणि मग दोष गार्डचा नसतो, हाताचा असतो. सेन्सर जिवंत आहे का हे बघायला मीटर लागत नाही, चालू असताना बोट तोंडावर हलकं टेकवा, बारीक टकटक जाणवते, कान जवळ नेला तर ऐकूही येते. जो सेन्सर टकटक करत नाही तो एकतर मेलाय किंवा त्याला सप्लाय येत नाही. फक्त हे करताना गाडी पी मध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि आत कोणीतरी शहाणा माणूस बसलेला पाहिजे. काही गाड्यांत पी मध्ये सेन्सर झोपतात, तिथे पार्किंगचं बटण दाबून जागे होतात का बघा.

नंबर प्लेट पण बघा हो. गार्ड लावताना प्लेट गार्डवर पुढे आणतात, तिचा कोपरा वाकतो आणि मधल्या सेन्सरच्या पुढे येतो. हायवेला हवेने ती थरथरते पण. पाच मिनिटांचं काम असतं आणि लोक सेन्सर बदलायला निघालेले असतात.

इथे थोडं कडू बोलतो, दादा रागावू नका. हा गार्ड मुळात कायद्यात बसत नाही. डिसेंबर २०१७ मधे केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून सांगितलंय की असे क्रॅश गार्ड, बुल बार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चं उल्लंघन आहेत, कारवाई करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात कुठे किती पकडतात ते तुम्हाला माहीत आहे, पण अपघातानंतर इन्शुरन्सचा सर्व्हेअर आला की पहिला फोटो गार्डचाच काढतो. पैशापेक्षा मोठी गोष्ट अशी की गाडीचा पुढचा भाग धडक बसल्यावर चेपावा म्हणूनच बनवलेला असतो, आणि किती झटक्याने चेपला यावरून एअरबॅगचा कंप्यूटर ठरवतो की बॅग उघडायची का नाही. चासीला थेट बोल्ट केलेला जाड स्टीलचा गार्ड तो झटका बदलतो. पायी चालणाऱ्याला लागलं तर ते वेगळंच.

मला माहीत आहे लोक का लावतात. रात्री देवास, उज्जैनकडून येताना घोडारोज, म्हणजे नीलगाय, मधेच उडी मारतो, मोठा नर दोन क्विंटलच्या वर जातो, आणि ज्याची एकदा रेडिएटरसकट पुढची बाजू गेली त्याला कायदा सांगून उपयोग नसतो. पण एवढ्या वजनाला हा बाजारातला पातळ नळीचा गार्ड थांबवत नाही, तो वाकून बोनेटमधे घुसतो. माझं मत विचाराल तर गार्ड काढा, चांगले हेडलाइट बल्ब लावा आणि रात्री ६० च्या वर जाऊ नका. बहुतेक लोक हे ऐकत नाहीत, म्हणून पुढचं लिहितोय.

गार्ड ठेवायचाच असेल तर आधी गार्ड बदला. दादांच्या केसमधे मी उभ्या नळ्या बाहेरच्या बाजूला सरकवून वेल्ड करायला सांगेन, किंवा सरळ कापून टाकायला, त्यांचा तसाही शोभेपलीकडे उपयोग नाही. ब्रॅकेटला लांबट भोकं असतील तर अख्खा गार्ड तीन-चार सेंटिमीटर खाली किंवा वर सरकवून बघा, आडव्या नळीला तेवढ्यात सुटका मिळते. कायमचं वेल्डिंग करण्याआधी एक सोपी युक्ती: गार्ड काढलेला असताना नळीच्याच जाडीचा पाइपचा तुकडा हातात धरून सेन्सरपुढे नव्या जागी ठेवा आणि बीप होतो का बघा, सरकवत सरकवत जिथे बीप थांबतो तिथे मार्करने खूण करा. मग खुणेच्या अजून थोडं पलीकडे नळी घ्या. वेल्डिंग चालू असताना बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा, गाडीवर लावलेल्या गार्डला वेल्डिंग करू देऊ नका, गार्ड खाली उतरवूनच करा.

गार्ड सेन्सरला दिसत नाही पण पुढे आलाय, असं असेल तर सेन्सर हलवायची गरजच नाही, फक्त डोक्यात हिशोब ठेवा. गार्ड १२ सेंटिमीटर पुढे आहे, सलग बीप ३० ला सुरू होतो, म्हणजे तेव्हा गार्ड आणि भिंत यांच्यात १८ उरलेत. पहिले काही दिवस अंदाज चुकतो, मग सवय होते. घरात दुसरं कोणी गाडी चालवत असेल, बाईसाहेब किंवा मुलगा, तर त्यांना हे सांगून ठेवा, नाहीतर गार्डचं पहिलं चुंबन गेटला.

आता समजा काहीच जमत नाही आणि सेन्सर हलवायचेच आहेत. मग फक्त मधले दोन हलवा. कोपऱ्यातले मूळ जागी राहू द्या, गार्ड बहुतेक वेळा कोपऱ्यापर्यंत वळलेला नसतो, त्यामुळे कोपऱ्याचं अंतर बंपरपासूनच मोजलेलं बरं, शिवाय कंपनीने त्यांना बाहेरच्या बाजूला जो तिरपेपणा दिलाय तो नळीवर मिळवणं महाकठीण. मधले दोन पुढे घेताना डावी-उजवीकडची जागा बदलू नका, मूळ सेन्सरच्या बरोबर समोर घ्या, कारण बऱ्याच सिस्टिममधे एक सेन्सर आवाज सोडतो आणि शेजारचाही ऐकतो, दोघांच्या मधलं अंतर बिघडलं की हिशोब बिघडतो.

उंचीकडे लक्ष द्या, इथे सगळ्यात जास्त गाड्या फसलेल्या बघितल्यात. गार्डवाला सोयीची म्हणून खालची नळी घेतो. उभा पसारा ६० अंश धरला तर ४० सेंटिमीटर उंचीवरच्या सेन्सरचा आवाज ७० सेंटिमीटरवर रस्त्याला लागतो, ६० उंचीवर असेल तर मीटरभर पुढे लागतो. आपल्याकडे घराघरापुढे रॅम्प, दर गल्लीत स्पीड ब्रेकर, खाली बसवलेला सेन्सर प्रत्येक ठिकाणी ओरडणार. ५० ते ६५ सेंटिमीटरच्या मधे राहा, मूळ उंचीच्या जितकं जवळ तितकं चांगलं, आणि तोंड सरळ समोर, खाली झुकलेलं तर अजिबात नको. नळीच्या गोलाईवर सेन्सर आपोआप सरळ बसत नाही, म्हणून नळीत भोक पाडण्यापेक्षा दोन आडव्या नळ्यांच्या मधे छोटी सपाट पट्टी वेल्ड करून घेणं मला जास्त पसंत आहे. तोंड पट्टीच्या पुढच्या पातळीशी अगदी सपाट यायला हवं. आत बुडालेलं असलं तर भोकाच्या कडेवरूनच प्रतिध्वनी येतो.

आणि धातूत सेन्सर कधीही थेट ठोकून बसवू नका. बंपर प्लॅस्टिकचा असतो तरी कंपनी तिथे सेन्सरच्या तोंडाभोवती मऊ सिलिकॉनची रिंग देते, कशासाठी? चकतीची थरथर बंपरमधे जाऊ नये म्हणून. स्टील तर घंटाच, त्यात सेन्सर घट्ट अडकवला की थरथर पट्टीत शिरते, घुमत राहते आणि सेन्सर स्वतःचाच आवाज ऐकून बीप करतो. म्हणून सिलिकॉन रिंग धड पाहिजे, भोक रिंगसकट मोजून पाडायचं, दाबून कोंबायचं नाही. सेन्सरचा व्यास कॅलिपरने मोजा, अंदाजाने नको. स्टेप ड्रिलने भोक, आतली धार कानशीने मोडायची, कापलेल्या कडेला झिंकचा प्रायमर, नाहीतर एका पावसाळ्यात गंज रिंग उचलून टाकतो. सेन्सरवर बाण किंवा खाच असेल तर ती मूळ जागी ज्या दिशेला होती तीच दिशा ठेवा, आडवा-उभा पसारा वेगवेगळा आहे हे वर सांगितलंच, सेन्सर पाव वळसा फिरला की तो रस्ता बघायला लागतो. गार्डच्या काळ्या रंगाला मॅच करायला म्हणून तोंडावर स्प्रेचे जाड थर मारू नका. अगदीच मारायचा तर एक पातळ हात, बस.

वायरिंगचं काम माणूस बघून द्या. मूळ हार्नेस कापायचा नाही, त्याच कपलरचं एक्स्टेंशन बनवून मधे लावायचं, म्हणजे उद्या गार्ड काढला तर सेन्सर परत जागेवर. जोड सोल्डर करून आत गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, चढवा, नुसती काळी टेप मानपूरच्या घाटात एका पावसात सुटते. वायर रेडिएटर फॅनपासून आणि एक्झॉस्टपासून लांब, एलईडी बारच्या वायरसोबत एकाच कंड्यूटमधे (वायरीच्या नळीत) तर मुळीच नको, स्वस्त एलईडीचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांना वीज देणारे सर्किट, वायरीत भरपूर गोंगाट करतात. कुठला सेन्सर कुठल्या कपलरला होता ते काढण्याआधी मार्करने लिहा. डावा-उजवा उलटला तर स्क्रीनवर खांब उजवीकडे दिसतो आणि असतो डावीकडे.

बंपरमधे राहिलेल्या मोकळ्या भोकांना रबरी बूच लावा.

सेन्सर कंपनीचे नसून बाहेरून लावलेलं किट असेल तर काही किटमधे कायम समोर असलेली वस्तू लक्षात ठेवून दुर्लक्ष करायची सोय असते, टो हुक किंवा मागच्या स्टेपनीसाठी दिलेली. ती नीट चालू केली तर लांबच्या नळीपुरतं काम भागतं, आंधळ्या पट्ट्यातल्या नळीला ती औषध नाही. आणि गाडीला पुढे रडार असेल, म्हणजे आपोआप ब्रेक मारणारी सिस्टिम असेल, तर गार्डचा विषय तिथेच सोडा. रडारचं तोंड बहुधा ग्रिलमधे किंवा खाली बंपरमधे असतं, त्याच्यापुढे स्टीलची नळी आली की ब्रेक कधी लागेल आणि कधी नाही हे कोणीच सांगू शकत नाही.

सगळं झाल्यावर दुकानातून तशीच गाडी घेऊन जाऊ नका, तिथेच तपासा. हार्डवेअरच्या दुकानातून ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मीटरभर कापून आणा, या सिस्टिमच्या आंतरराष्ट्रीय मानकात चाचणीचा खांब याच मापाचा असतो. गाडी उभी, इंजिन चालू, पाय ब्रेकवर, बाहेर दुसरा माणूस पाइप उभा धरून गाडीच्या पुढून नाही तर बाजूने हात लांबवून सरकवतो, स्वतः सेन्सरसमोर उभा राहिला तर सेन्सर त्यालाच मोजेल. मीटरभर लांबून सुरू करा, जवळ आणा, बीप कुठे सुरू होतो, कुठे सलग होतो ते टेप लावून बघा. मग डावीकडून उजवीकडे फिरवा आणि कुठे पाइप मधेच गायब होतो का बघा, मधल्या आणि कोपऱ्यातल्या सेन्सरच्या सांध्यात असा आंधळा कप्पा सापडतो. सापडला तर सेन्सर दोन-तीन सेंटिमीटर बाहेर घ्यावा लागतो, आणि म्हणूनच पट्टी आधी बोल्टवर लावून तपासायची, पक्कं वेल्डिंग नंतर.

हे सगळं ठीक निघालं आणि तरी कधीमधी सिग्नलला उगाच बीप आला तर घाबरू नका, शेजारी ट्रक उभा असेल. एअर ब्रेकची हवा सुटते त्या फुस्स आवाजात या सेन्सरला ऐकू येणारा आवाजही असतो. देवास नाक्यावर हे रोज होतं. चिखलाचंही तसंच, तोंडावर थापा बसला की एकतर सतत बीप नाहीतर बिघाडाचा दिवा, ओल्या फडक्याने पुसलं की झालं, धुलाईवाल्याला प्रेशरचा पाइप सेन्सरला टेकवून मारू देऊ नका.

दादा, तुम्ही उद्या आधी बोल्ट काढून बघा आणि गार्डशिवाय बीप राहतो का ते सांगा, जमलं तर उभी नळी सेन्सरच्या मध्यापासून किती लांब आणि किती पुढे आहे ती दोन मापं पण घ्या, मग कुठे कापायची ते सांगतो.